नाना दोन दिवस गप्प का राहिले?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. सासरे 66 वर्षांचे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. गल्ल्यावर तेच बसतात, बिलिंग आणि हिशेब माझ्याकडे. मागच्या वर्षी मी सहा नियम लिहून दुकानाच्या भिंतीला लावले. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, कुठेही लिहायचा नाही, पिन कुणाला सांगायचा नाही, फोनला लॉक पाहिजेच, अनोळखी लिंक उघडायची नाही, ओटीपी द्यायचा नाही. एकही नियम धड पाळला गेला नाही. नानांनी पासवर्ड खिशातल्या डायरीत लिहिले, ती पानं मी फाडली. यूपीआयचा पिन कामावरच्या पोराला पाठ आहे. फोनचं लॉक नानांनी काढून टाकलं. जूनमध्ये बियाण्याच्या गर्दीत त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किसान योजनेच्या नावाने एक फाइल आली, ती त्यांनी टाकून घेतली आणि खात्यातून 38,000 रुपये गेले. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, पासबुक भरून आणलं तेव्हा. विचारलं तर म्हणाले, "तू बोलशी म्हनीसन सांगं नही." आता हे म्हणतात, नानांना साधा बटनाचा फोन देऊन टाकू. या माणसांना शिस्त लावायची तरी कशी?

ताई,

सगळ्यात जास्त नुकसान त्या फाइलने केलं असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं ते त्या दोन दिवसांच्या गप्प राहण्याने केलं. ऑनलाइन फसवणुकीतले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पुढे सरकवले जातात आणि शेवटी कुठेतरी रोख काढले जातात. 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन गेला तर वाटेतल्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. ही शक्यता तासागणिक घटते. नानांना काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं, नाहीतर "सांगं नही" असं ते म्हणालेच नसते. म्हणजे धोक्याची घंटा वाजली होती, पण ती तुमच्यापर्यंत येण्याची वाट बंद होती. त्या वाटेवर तुमचा तो कागद आणि फाडलेली पानं आडवी पडली होती. हे वाचायला कडू लागेल. तुम्ही सगळं काळजीपोटी केलंत, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून शिस्तीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि आधी नियमांकडे पाहू. सहापैकी सहा नियम मोडले जातात तेव्हा माणसं तपासण्याआधी नियम तपासावेत. हा विचार आजकालचा नाही. ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषाअभ्यासकाने 1883 मध्ये लष्करी सांकेतिक लिपीसाठी सहा अटी लिहिल्या. त्यातली शेवटची अट अशी की ती वापरायला सोपी हवी, वापरणाऱ्याला नियमांची लांबलचक यादी लक्षात ठेवावी लागू नये. रणांगणावरचा शिपाई घाईत असतो, दमलेला असतो. जून महिन्यात गल्ल्यावर बसलेल्या माणसाची अवस्था त्याहून फार वेगळी नसते. समोर कपाशीच्या बियाण्यासाठी दहा माणसं उभी, उधारीची वही उघडी, एक जण खताचा भाव विचारतोय आणि तेवढ्यात फोन वाजतो. तुमचे नियम रात्री शांतपणे बसून लिहिलेले आहेत. ते पाळायचे असतात दुपारी बारा वाजता.

आता पहिला नियम, दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा. हा तुम्ही मनाने काढलेला नाही, ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायचा असा नियम जगभरच्या कचेऱ्या वर्षानुवर्षं लावत आल्या. निस्ट या अमेरिकन सरकारी मानक संस्थेत बिल बर यांनी 2003 मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शनातून तो फार पसरला. 2017 मध्ये निस्टनेच नवं मार्गदर्शन काढून विनाकारण पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, आणि बर यांनीही जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. कारण साधं आहे. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा बदलतो. कापूस@1 चा कापूस@2 होतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये अशा बदललेल्या पासवर्डांवर प्रयोग केला. जुना पासवर्ड हाती असेल तर सुमारे 41 टक्के खात्यांचा नवा पासवर्ड संगणकाने काही सेकंदांत काढला. म्हणजे त्रास दरमहा आणि संरक्षण जवळपास शून्य. हा नियम आजच खोडा. पासवर्ड बदलायचा तो फुटल्याचा संशय आला, तो जाणणारा माणूस काम सोडून गेला किंवा पोर्टलनेच सक्ती केली तर.

आणि बदलायचाच असेल तर लांब करा, अवघड नको. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक, रोमन अक्षरांत. शब्द मनाने निवडू नका, मन नेहमी देवाचं, नातवाचं किंवा गावाचं नाव काढतं. जुनं वर्तमानपत्र घ्या, डोळे मिटून चार वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवा, येईल तो शब्द घ्या. एखादा शब्द अहिराणीत फिरवला तर आणखी चांगलं. फिरवता, बिबडी, जमानत, खळं अशी जोडी नानांना दोन दिवसांत पाठ होईल. हीच जोडी मात्र घेऊ नका, ती आता छापली गेली.

डायरीबद्दल मी नानांच्या बाजूने आहे. पासवर्ड लिहून ठेवावा की नाही, याचं उत्तर चोर कोण आहे यावर ठरतं. शेकडो किलोमीटरवर बसून फोन करणाऱ्याला तुमच्या घरातल्या कपाटातली वही दिसत नाही. दुकानात ये-जा करणाऱ्याला खिशातली किंवा गल्ल्यावरची डायरी दिसू शकते. म्हणजे चूक लिहिण्यात नव्हती, जागेत होती. एक वेगळी वही करा, ती घरच्या कपाटात कुलपात ठेवा. त्यात पोर्टलचं नाव, युजर आयडी, पासवर्ड आणि तो कधी बदलला ती तारीख. यूपीआय आणि एटीएमचा पिन मात्र त्यातही नको. पानं फाडल्यावर काय झालं असेल, याचा अंदाज बांधता येतो. नानांनी सगळीकडे एकच पासवर्ड केला असेल, कारण दुसरं लक्षात राहणं शक्य नव्हतं. असं असेल तर ई-मेलचा पासवर्ड सर्वांत आधी वेगळा करा. बाकीच्या बऱ्याच खात्यांचा 'पासवर्ड विसरलात?' ई-मेलवरच येतो.

दुकानाच्या संगणकावर तुम्ही स्वतः ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू द्या, फक्त संगणकाला तुमचं वेगळं लॉगिन असू द्या. याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. ब्राउझर पासवर्ड पत्त्यानुसार भरतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाने माणूस फसेल, ब्राउझर तिथे रकाना रिकामाच ठेवेल. रोज आपोआप भरणारा रकाना आज रिकामा दिसला, तर हात आवरा आणि वरचा पत्ता नीट वाचा.

आता लॉक. नानांनी ते काढलं म्हणून तुम्ही रागावलात, पण त्यांचा अंगठा एकदा हातात घेऊन पाहिलात का? आयुष्यभर गोण्या आणि खतं हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते. फोन दोनदा, तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. दिवसातून पन्नास वेळा हे झालं तर कुणीही लॉक काढेल. त्यामुळे एकाच अंगठ्याची नोंद दोनदा करा, एकदा हात धुऊन पुसल्यावर आणि एकदा दुपारी काम करता करता. दुसऱ्या हाताचं एक बोटही नोंदवा, ते सहसा कमी झिजलेलं असतं. जोडीला सहा आकडी पिन असू द्या. चार आकड्यांचे एकूण 10,000 पिन होतात, सहाचे 10 लाख. लोक 1234 किंवा जन्मसाल घेतात, तेवढं टाळा. फोन 30 सेकंदांत बंद होत असेल तर स्क्रीनचा वेळ 2 मिनिटं करा. 2 मिनिटांनी लागणारं लॉक हे काढून टाकलेल्या लॉकपेक्षा कितीतरी बरं.

त्याच बैठकीत फोनची भाषा मराठी करा. तुमचं इंग्रजी चांगलं असेल, पण धोक्याची सूचना वाचायची आहे ती नानांना. यूपीआयची बहुतेक अ‍ॅप मराठीत चालतात. अक्षरं मोठी करा, मात्र अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेऊ नका. फार मोठं केलं की काही पडद्यांवर मजकूर कापला जातो आणि नेमकं 'नाकारा' हे बटन खाली ढकललं जातं.

ओटीपीचा मेसेज येतो तेव्हा काय दिसतं, तेही एकदा नानांच्या जागेवरून पाहा. वरून पट्टी खाली येते, तिच्यावर एक-दोन ओळी मावतात. आकडा ठळक दिसतो, कधीकधी फोनच 'कोड कॉपी करा' असं बटन पुढे करतो. किती रुपये, कुणाला आणि हा कुणाला सांगू नका, हे सगळं मागे, पट्टीत न मावलेल्या भागात जातं, तेही इंग्रजीत. चष्मा गल्ल्यावर राहिलेल्या माणसापर्यंत त्या मेसेजमधून फक्त सहा आकडे पोचतात. 'ओटीपी देऊ नका' हे हजारदा सांगून तो देणारी माणसं मूर्ख नसतात, त्यांना वाक्याऐवजी आकडाच दाखवला गेलेला असतो. म्हणून नानांना सवय लावायची ती मेसेज उघडून रक्कम मोठ्याने वाचण्याची. रक्कम मोठ्याने वाचली की बहुतेकदा मनात प्रश्न आपोआप येतो.

आता तुमच्या घरातला सर्वांत मोठा धोका, पोराला पाठ असलेला पिन. नानांनी तो का दिला? टेम्पोवाल्याला भाडं, हमालाला मजुरी, चहाचे पैसे. पोरगा पाठवायचा तर पैसे देणं त्याच्या हातात असायला हवं. गरज खरी आहे, तेव्हा नुसतं 'देऊ नका' म्हणून ती संपणार नाही. यूपीआय सर्कल नावाची सोय याच कामासाठी आली आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये असेल तर पोराचा नंबर नानांच्या खात्याशी जोडता येतो. त्यात दोन प्रकार आहेत. पूर्ण मुभेत तो स्वतः पैसे देऊ शकतो, पण एका वेळी 5,000 आणि महिन्याला 15,000 रुपयांच्या आत, आणि त्याहून कमी मर्यादा तुम्ही ठरवू शकता. दुसऱ्या प्रकारात तो विनंती पाठवतो आणि नाना दर वेळी आपला पिन टाकून मंजुरी देतात. तुमच्याकडे पहिला बरा, महिन्याला 5,000 ची मर्यादा घालून. दर वेळी मंजुरी द्यायची म्हटलं की आठवड्याभरात नाना न वाचता मंजुरी द्यायला लागतील. पोराचा मान राहतो, कोणी किती दिले ते वेगळं दिसतं आणि उद्या काही कमी आलं तर त्याच्यावर उगाच बालंट येत नाही. हे जमवलं की मगच यूपीआय पिन बदला. आधी बदललात तर दुसऱ्या दिवशी नवा पिनही त्याला पाठ असेल.

त्याहून मोठा बंदोबस्त खात्यांचा. नानांच्या यूपीआयला एकच छोटं बचत खातं जोडा, त्यात 10-15 हजारांपलीकडे ठेवू नका. दुकानाचं चालू खातं आणि पीककर्जाचं खातं त्या फोनवरच्या यूपीआयमधून काढा. यजमानांची बटनाच्या फोनची सूचना इथे फार कामाची आहे, फक्त तो नानांना द्यायचा नाही. मोठ्या खात्यांना बँकेत दुसरा मोबाइल नंबर नोंदवा आणि ते सिम त्या बटनाच्या फोनमध्ये घालून घरी ठेवा. नानांना फसवणाऱ्या फाइलने बहुधा एसएमएस वाचायची परवानगी मागितली असेल. ती मिळाली की येणारे ओटीपी ती परस्पर पुढे पाठवते. बटनाच्या फोनमध्ये असलं अ‍ॅप टाकताच येत नाही. एक काळजी घ्या, त्या सिमचा रिचार्ज चुकवू नका. न वापरलेला नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जायला लागतात.

स्मार्टफोन काढून घेतलात तर काय होईल? केळीचा आणि कापसाचा भाव, कंपनीच्या माणसाचे मेसेज, नातवंडांचे फोटो, सगळं कुणाच्या तरी फोनवर पाहायला नाना शेजारच्या दुकानात जातील. आणि पुढच्या वेळी काही झालं तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

फाइलचा रस्ता मात्र फोनमध्येच बंद करता येतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात विशेष अ‍ॅप अ‍ॅक्सेस, त्यात 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' अशी यादी असते. काही फोनमध्ये नाव थोडं वेगळं दिसेल, सेटिंगच्या वरच्या शोधात 'अनोळखी' किंवा 'अज्ञात' टाइप करून पाहा. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिघांपुढे परवानगी बंद करा. मग कुणी लग्नाची पत्रिका म्हणून पाठवो, दंडाची पावती म्हणून पाठवो किंवा किसान योजना म्हणून, फाइलवर बोट पडलं तरी फोन अडवतो. 'अनोळखी लिंक उघडू नका' या नियमापेक्षा हे शंभर पटीने भरवशाचं, कारण फसवी फाइल बहुतेकदा ओळखीच्या नंबरवरूनच येते. आधी त्या माणसाचा फोन फसलेला असतो. शिवाय सन्मान निधीचा 2,000 चा हप्ता जमा व्हायच्या दिवसांत तशी फाइल आली तर ती खोटी का वाटावी?

व्हॉट्सअ‍ॅपचं दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन सुरू करा आणि तिथे ई-मेल नक्की द्या. ई-मेल नसेल आणि सहा आकडी पिन विसरला तर 7 दिवस थांबावं लागतं. एवढं केलं की ते काम झालं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं का, हे अनेकजण विचारतात. अंगठ्यावर पैसे काढण्याचा गैरवापर त्याने थांबतो. पण लॉक असलं की रेशनच्या दुकानात आणि खताच्या मशीनवरही नानांचा अंगठा चालणार नाही, आधी आधारच्या अ‍ॅपमधून तात्पुरता उघडावा लागेल. घरात ते करून देणारं माणूस कायम असेल तरच लावा. नाहीतर एकदा रांगेतून परत यावं लागलं की ते कायमचं काढलं जाईल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण दुकान कृषी केंद्राचं आहे म्हणून सांगणं भाग आहे. शेतकऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स आणि सातबारे तुमच्याकडे कुठे आहेत? अशा दुकानात ते गल्ल्यामागच्या पिशवीत साठतात आणि कधीतरी पाठकोऱ्या बाजूला हिशेब करायला किंवा पुडी बांधायला निघतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेले फोटो पोराच्या गॅलरीत तसेच राहतात. नानांच्या 38,000 ची जी हळहळ तुम्हाला आहे, तीच त्या शेतकऱ्याच्या घरी होईल. कोणती झेरॉक्स कशासाठी ठेवली हे सांगता येत नसेल तर ती बारीक फाडून जाळा. लागणारी असेल तर तिच्यावर आडवी तारीख आणि कारण लिहा. शक्य तिथे शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार मागा. काम झालं की फोटो गॅलरीतून आणि कचरापेटीतूनही काढा.

भिंतीवरचा कागद काढा आणि गल्ल्याजवळ नानांना दिसेल असा लहान कागद लावा. त्यावर एवढंच: 'पैसे यायला पिन लागत नाही. फोनवर बोलणं चालू असताना पैशाचं काम नाही. गडबड झाली तर 1930.' मधला नियम महत्त्वाचा आहे. फसवणारा माणसाला फोनवर धरून ठेवतो, कारण फोन ठेवला की विचार सुरू होतो.

पुन्हा कधी अशी फाइल पडली तर क्रम पाठ असू द्या. फोन लगेच विमान मोडवर टाका. नेट आणि नेटवर्क गेलं की ते अ‍ॅप मेसेज पुढे पाठवू शकत नाही. मग दुसऱ्या फोनवरून 1930 ला लावा. खातं क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख, हे विचारतील. त्यानंतर बँकेत खातं थांबवायला सांगा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार करा. फोन पुसून नव्याने सुरू करणं सर्वांत शेवटी, मेसेज आणि त्या फाइलचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवल्यावर. जूनच्या व्यवहाराची तक्रार अजून केली नसेल तर आजच करा, उशिरा का होईना. आणि नानांचा फोन तेव्हापासून तसाच वापरात असेल तर तोही आजच पुसून घ्या, ते अ‍ॅप अजून आत बसलेलं असू शकतं.

आता नानांशी बोलायचं. दुकान बंद असेल त्या दिवशी, चहा झाल्यावर, घरात बाकी कुणी नसताना बसा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, सेटिंग तुम्ही सांगा आणि बोट त्यांचं चालू द्या. पानं फाडली ते चुकलं, हे तुम्ही आधी म्हणा. 38,000 चा विषय पुन्हा काढणार नाही असंही सांगा आणि यजमानांकडूनही तो शब्द घ्या. मग नवी कोरी वही त्यांच्यापुढे ठेवा.

नाना दुकानदार आहेत. समोरच्याचं बोलणं तोडणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि बँकेतून बोलतोय असं हिंदीत सांगणाऱ्या साहेबापुढे तर मुळीच नाही. 'फोन कापा' हे त्यांना जमणार नाही. त्यांना तोंडात बसेल असं एक वाक्य द्या आणि दोन-तीनदा तुम्हीच बँकवाले होऊन फोन लावा, म्हणजे ते सहज निघेल: "मनी सूनले इचारीसन सांगस." माझ्या सुनेला विचारून सांगतो, एवढं म्हणून फोन ठेवायचा. आणि ते खरंच विचारायला आले, की हातातलं काम सोडून आधी त्यांचं ऐका.